पडद्यावरचा शेजार

१९८५ च्या फेब्रुवारी महिन्यांत बी.बी.सी. या इंग्लंडमधील प्रक्षेपण-संस्थेनें दूरचित्रवाणीवर 'ईस्टएंडर्स' नांवाची एक मालिका सुरू केली. लंडनच्या पूर्व भागांतील वॉलफर्ड ही तिची वस्ती. ती कोणत्याहि नकाशांत सांपडावयाची नाहीं. परंतु तेथील चौक, बाजार आणि 'क्वीन व्हिक्टोरिया' नांवाचें मद्यगृह हीं इंग्रज प्रेक्षकांना स्वतःच्या गल्लीइतकीं परिचित आहेत. त्या वस्तींतील फाउलर कुटुंबांत त्याच वर्षीं एक मूल जन्मास आलें. त्याचें नांव मार्टिन. तो लोकांच्या डोळ्यांदेखत वाढला, वाह्यात झाला, ठेंचा खाऊन शहाणा झाला, संसारांत पडला आणि बाजारांत फळें व भाजी विकूं लागला. मालिकेला चाळीस वर्षें पुरीं झालीं तेव्हां, म्हणजे २०२५ च्या फेब्रुवारींत, त्या मद्यगृहांत भयंकर स्फोट झाल्याचें दाखविण्यांत आलें. मार्टिन एका अवजड तुळईखालीं सांपडला. जिच्यावर त्याचें प्रेम होतें ती स्टेसी त्याचा हात धरून बसली होती. सुटका करणारे लोक आले, तुळई उचलली गेली, आणि आतां तो वांचला असें वाटत असतांनाच त्याचें हृदय बंद पडलें. हा भाग आगाऊ चित्रित केलेला नव्हता. नट अभिनय करीत असतां त्याच क्षणीं तो घरोघर दिसत होता.

मार्टिन फाउलर नांवाचा इसम या जगांत कधीं जन्मला नव्हता. तेव्हां तो मेलाहि नाहीं. त्याचें सोंग वठविणारे नटहि वयानुरूप बदलत गेले; चेहरा बदलला, आवाज बदलला, नांव तेवढें राहिलें. हें प्रत्येक प्रेक्षकास पक्कें ठाऊक असतें. असें असूनहि त्याच्या मरणानें लोक हळहळले. नसलेल्या माणसाच्या मृत्यूनें असलेल्या माणसांच्या डोळ्यांत पाणी कां यावें, हा प्रश्न वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. 'लोक खुळे आहेत' असें म्हणून तो उडवून लावतां येतो, पण सुटत नाहीं. त्याचें उत्तर शोधावयाचें तर या मालिकांच्या उगमाकडे वळलें पाहिजे. आणि तो उगम पडद्यावर नसून नभोवाणींत आहे.

अशा मालिकांना इंग्रजींत 'सोप ऑपेरा', म्हणजे साबणाचें संगीत नाटक, असें थट्टेचें नांव पडलें आहे. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील नभोवाणीवरून दुपारच्या वेळीं घरकामांत गुंतलेल्या गृहिणींसाठीं रोज पाव तास कौटुंबिक कथा ऐकविल्या जात. त्यांचा खर्च साबणाचे कारखानदार आपल्या मालाच्या जाहिरातीसाठीं सोशीत. म्हणून हें नांव. इंग्लंडांत मात्र बी.बी.सी.वर जाहिरातींना मज्जाव होता. तेथें या प्रकाराचें रोप नीट रुजलें तें साबणासाठीं नव्हे, तर धान्यासाठीं. महायुद्ध संपून पांच वर्षें झालीं तरी तेथील अन्नधान्याचें नियंत्रण उठलें नव्हतें. तें पुरतें उठण्यास १९५४ चा जुलै उजाडावा लागला. शेतीचें उत्पन्न वाढावें आणि नव्या पद्धतींची माहिती शेतकऱ्यांपर्यंत गोष्टीच्या ओघांत पोंचावी, या हेतूनें गॉडफ्रे बेझली यांनीं 'द आर्चर्स' ही नभोवाणी-मालिका योजिली. १९५० मध्यें तिचे कांहीं भाग प्रयोगादाखल झाले आणि १ जानेवारी १९५१ पासून ती साऱ्या देशांत ऐकूं येऊं लागली. खत, बियाणें आणि जनावरांचे रोग यांची माहिती देण्याकरितां निर्मिलेलें हें आर्चर कुटुंब हां हां म्हणतां लोकांचें सोयरें होऊन बसलें.

तें किती जवळचें झालें होतें याचा प्रत्यय २२ सप्टेंबर १९५५ च्या रात्रीं आला. घरांतील तरुण सून ग्रेस हिच्या लग्नाला अद्याप सहा महिनेहि झाले नव्हते. तबेल्याला आग लागली. ती बाहेर आली. परंतु आंत अडकलेल्या घोड्यासाठीं पुन्हां ज्वाळांत शिरली आणि प्राणास मुकली. बी.बी.सी.च्या कचेरींतील दूरध्वनि खणखणूं लागले, शोकाचीं पत्रें आलीं, फुलेंहि आलीं. विशेष हें कीं, खाजगी मालकीच्या नव्या दूरचित्रवाणीचा लंडनमधील शुभारंभ त्याच रात्रीं व्हावयाचा होता. प्रतिस्पर्ध्याच्या घरीं मंगल वाद्यें वाजत असतां जुन्या संस्थेनें आपल्या घरची सून जाळली, आणि दुसऱ्या दिवशीं लोकांच्या तोंडीं त्या सुनेचेंच नांव राहिलें. प्रेक्षकाचें दुःख हें एक चलनी नाणें आहे, ही जाणीव मालिका करणाऱ्यांस तेव्हांपासून आहे. या साऱ्या विषयाची नैतिक बाजू येथेंच सुरू होते.

दूरचित्रवाणीवर या प्रकाराला खरें स्थैर्य दिलें तें 'कॉरोनेशन स्ट्रीट' या मालिकेनें. चोवीस वर्षांच्या टोनी वॉरन या लेखकानें ती रचली आणि मँचेस्टरच्या ग्रॅनाडा कंपनीनें ९ डिसेंबर १९६० रोजीं तिचा पहिला भाग दाखविला. सॅलफर्ड गांवच्या धर्तीवर कल्पिलेल्या वेदरफील्डमधील विटांच्या घरांची एक ओळ, कोपऱ्यावर एक दुकान, एक मद्यगृह आणि तेथें येणारे-जाणारे कष्टकरी लोक, एवढाच संसार. पहिल्या भागांत केन बार्लो नांवाचा एक विद्यार्थी दिसतो. विद्यापीठांत शिकत असल्यामुळें त्याला बापाच्या घरांतील राहणीची थोडी लाज वाटते. ही भूमिका करणारे विल्यम रोच हे त्या दिवसापासून साठ वर्षांहून अधिक काळ तीच करीत आले. तरुण केन प्रौढ झाला, त्याचे केस पिकले, आणि त्याच्या बरोबरीनें पाहणाऱ्यांचेहि पिकले.

हेंच त्या प्रश्नाच्या उत्तराचें पहिलें सूत्र. नाटक तीन तासांत संपतें, कादंबरी आठ दिवसांत. मालिकेचा काळ मात्र पंचांगाबरोबर चालतो. प्रेक्षकाच्या घरीं नाताळ असतो तेव्हां तिच्यांतहि नाताळ असतो. तिच्यांतील मुलाला मोठें होण्यास तितकींच वर्षें लागतात, जितकीं पाहणाऱ्याच्या मुलाला. एखादी स्त्री जेवणाचीं भांडीं आवरून आठवड्यांतून कित्येक वेळां त्या चौकांत डोकावते, आणि असें वीस-तीस वर्षें करते. तिच्या सख्ख्या नातलगांपैकीं कितीजण तिला इतक्या वेळां भेटत असतील? सहवासानें जडणारा लोभ, समोरचा माणूस खरा कीं कल्पित, याची चौकशी करीत बसत नाहीं. मार्टिन मेला तेव्हां लोक केवळ त्याच्यासाठीं हळहळले नाहींत. त्याला पाहण्यांत गेलेलीं स्वतःचीं चाळीस वर्षेंहि त्या घटकेला त्यांच्यासमोर उभीं राहिलीं.

या लोभाचीं रूपें अनेक आहेत. त्यांतील सर्वांत साधें म्हणजे कुतूहल. १९८६ च्या नाताळच्या दिवशीं 'ईस्टएंडर्स'मध्यें मद्यगृहाचा मालक डेन यानें आपली बायको अँजी हिच्या हातांत घटस्फोटाचे कागद ठेवले. नवरा हातचा जाऊं नये म्हणून तिनें आपण सहा महिन्यांच्याच सोबती आहों, अशी खोटी बतावणी केली होती; ती उघडकीस आल्याचा हा सूड होता. मूळ प्रक्षेपण आणि त्याची पुनरावृत्ति मिळून तो भाग सुमारे ३ कोटी लोकांनीं पाहिला, म्हणजे त्या वेळच्या देशाच्या निम्म्याहून अधिक वस्तीनें. त्याआधीं १९८३ मध्यें 'कॉरोनेशन स्ट्रीट'मधील डियर्ड्री ही आपला नवरा केन याच्याकडे राहते कीं माइक बाल्डविनबरोबर जाते, या विवंचनेंत देश होता. ती नवऱ्याकडेच राहिली ही वार्ता मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर, फुटबॉलचा सामना चालू असतां, गुणफलकावर झळकविण्यांत आली. पुढें ५ एप्रिल २००१ रोजीं 'ईस्टएंडर्स'मधील फिल मिचेलवर गोळी कोणीं झाडली याचा उलगडा झाला. भाग संपतांच घरोघरचे लोक उठून चहाचें आधण ठेवावयास गेले आणि विजेची मागणी एकाएकीं सुमारे २२९० मेगॅवॅटनें वाढली. एका कल्पित गुन्ह्याचा छडा लागल्याची नोंद वीजकेंद्राच्या मापकांवर झाली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

कुतूहलापुढची पायरी न्यायबुद्धीची. १९९८ सालीं तीच डियर्ड्री एका तोतया वैमानिकाच्या प्रेमांत फसली. त्याच्या लबाडीचें खापर तिच्या माथीं फुटलें आणि ती तुरुंगांत गेली. तिच्या सुटकेसाठीं वर्तमानपत्रांनीं मोहीम उघडली, लोकांनीं फलक रंगविले, आणि पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनींहि, थट्टेच्या सुरांत कां होईना, तींत आपला आवाज मिळविला. परदेशचा माणूस हें ऐकून हंसेल. परंतु येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. फलक रंगविणारास डियर्ड्री कोठल्याच तुरुंगांत नाहीं हें माहीत होतें. तो खेळ खेळत होता, आणि खेळ खेळतांना त्यामागची भावना मात्र खरी होती. निरपराधी मनुष्यास शिक्षा होतां कामा नये, ही ती भावना. लहान मुलगी बाहुलीला ताप आला म्हणून तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवते तेव्हां बाहुली चिंध्यांची आहे हें ती विसरलेली नसते. तिची माया मात्र चिंध्यांची नसते.

ही रीति आजकालची नाहीं, आणि ती एकट्या दूरचित्रवाणीचीहि नाहीं. १८४०-४१ मध्यें चार्ल्स डिकन्सची एक कादंबरी हप्त्याहप्त्यानें प्रसिद्ध होत असतां, तींतील नेल नांवाच्या मुलीस मारूं नये म्हणून वाचकांनीं त्याला पत्रें लिहिलीं होतीं. महाराष्ट्रांत हरिभाऊ आपटे यांनीं १८९० मध्यें 'करमणूक' पत्र काढलें आणि 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी क्रमशः दिली, तेव्हां पुढच्या अंकाची वाट पाहणें म्हणजे काय हें मराठी घरांनाहि कळलें. हप्त्यानें सांगितलेली गोष्ट वाचकाला दोन हप्त्यांच्या मधल्या काळांत विचार करावयास लावते. त्या मधल्या काळांतच पात्र वाचकाच्या घरीं राहावयास येतें.

म्हणूनच लेखक आणि प्रेक्षक यांच्यामध्यें एक न लिहिलेला करार असतो. प्रेक्षक म्हणतो, 'मी माझीं वर्षें देतों. तूं माझ्या भावनेचा गैरवापर करूं नकोस.' हा करार मोडला तर काय होतें, याचें उदाहरण 'ईस्टएंडर्स'नेंच २०१० च्या अखेरीस घालून दिलें. रॉनी या स्त्रीचें तान्हें मूल पाळण्यांत झोपेंतच गेलें. दुःखानें भ्रमिष्ट होऊन तिनें आपलें मृत बालक शेजारीण कॅट हिच्या मुलाच्या जागीं ठेविलें आणि तिचें जिवंत मूल आपलें म्हणून घरीं आणिलें. ही कथा वर्षाच्या सरत्या रात्रीं आणि नववर्षाच्या पहिल्या दिवशीं, म्हणजे घरांतील सर्व मंडळी एकत्र बसलेलीं असतां, दाखविण्यांत आली. बी.बी.सी.कडे हजारों तक्रारी गेल्या. तक्रार मृत्यु दाखविल्याची नव्हती. मालिकांना मृत्यु नवीन नाहींत. ज्यांचीं मुलें खरोखरच अशीं दगावलीं होतीं त्या मातापित्यांना वाटलें कीं, त्यांच्या दुःखाला या कथेनें वेड आणि चोरी यांच्या पंक्तीस बसविलें. मूल गमावलेली आई रडते, खचते. ती शेजारणीचें मूल पळवीत नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. कथानक ठरल्यापेक्षां लवकर आटोपण्यांत आलें, आणि एप्रिल २०११ मध्यें तें मूल कॅटला परत मिळालें. या प्रसंगीं प्रेक्षकांनीं सत्य आणि कल्पित यांची गल्लत केली नव्हती. गल्लत लेखकांकडून झाली होती: आघात जितका मोठा तितकें नाट्य मोठें, अशी त्यांची समजूत झाली.

याच मालिकेनें आधीं याहून फार निराळें काम करून दाखविलें होतें. मार्टिनचा थोरला भाऊ मार्क यास एच.आय.व्ही.ची बाधा झाल्याचें १९९१ मध्यें प्रेक्षकांना कळलें. त्या काळीं या रोगाचें नांव उच्चारतांच लोक दोन पावलें मागें सरत. पुढच्याच वर्षीं मार्कची पत्नी जिल त्याच रोगानें गेली. मार्क मात्र तेथेंच राहिला. तो बाजारांत माल विकी, आईशीं भांडे, औषधें घेई, पुन्हां प्रेमांत पडे. असा तो एक तपाहून अधिक काळ लोकांच्या डोळ्यांसमोर वावरला, आणि त्याच्या मरणाची बातमी २००४ मध्यें आली. एखादें व्याख्यान किंवा पत्रक हें करूं शकलें नसतें. भय घालविण्याचें काम उपदेशानें होत नाहीं, सवयीनें होतें. आणि सवय लावणें हा तर मालिकांचा धर्मच आहे.

याच शक्तीचा आणखी मोठा उपयोग पुढें झाला, आणि गंमत अशी कीं त्याची वाट पुन्हां नभोवाणीनेंच दाखविली. 'द आर्चर्स'मध्यें २०१३ सालीं रॉब नांवाचा एक गोड बोलणारा गृहस्थ आला आणि त्यानें हेलनशीं संसार मांडला. त्यानें आरंभीं तिच्यावर हात उगारला नाहीं. तिनें कोणते कपडे घालावे, गाडी चालवावी कीं नाहीं, मैत्रिणींस भेटावें कीं नाहीं, हें तो हळूहळू ठरवूं लागला; आणि तिच्या मनांत स्वतःच्याच बुद्धीविषयीं शंका उत्पन्न केली. हें जवळजवळ तीन वर्षें चाललें. कित्येक श्रोते कंटाळले, 'ही त्याला सोडून कां जात नाहीं?' म्हणून रागावले. अशा छळाकडे पाहणारे खरे शेजारी नेमके असेंच म्हणतात! एप्रिल २०१६ मध्यें हेलननें त्याच्यावर सुरी चालविली आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत न्यायालयांतून ती निर्दोष सुटली. अंगावर वळ न उठवितां केल्या जाणाऱ्या अशा छळास इंग्लंड व वेल्समध्यें २९ डिसेंबर २०१५ पासून स्वतंत्र गुन्हा ठरविण्यांत आलें होतें. कायदा पुस्तकांत होता; तो कशासाठीं आहे हें घरोघर समजलें तें हेलनमुळें. एका श्रोत्यानें तिच्या नांवानें निधि उघडला आणि पीडित स्त्रियांस आसरा देणाऱ्या 'रेफ्यूज' या संस्थेसाठीं १ लाख ७० हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. स्त्री काल्पनिक, पौंड मात्र रोकडे!

'कॉरोनेशन स्ट्रीट'नें हाच विषय २०१९ पासून पडद्यावर आणिला. यास्मीन ही उपाहारगृह चालविणारी, स्पष्टवक्ती, स्वाभिमानी स्त्री. तिनें जेफ या विनोदी स्वभावाच्या गृहस्थाशीं लग्न केलें. तो जादूचे खेळ करी. त्यानें घरांत छायायंत्रें बसविलीं, पैशाचे व्यवहार आपल्याकडे घेतले, एकदां तिला जादूच्या पेटींत कोंडून ठेविलें, आणि तिची लाडकी कोंबडी शिजवून तिलाच वाढल्याचें सांगितलें. पेटी आणि कोंबडी यांचें नाट्य लेखकाचें. पण रोज थोडी थोडी लहान होत जाणारी बाई हें नाट्य नव्हे. एप्रिल २०२० मध्यें तिनें स्वतःच्या बचावासाठीं त्याच्यावर बाटली उगारली. त्या वेळीं महामारीमुळें सारा देश घरांत कोंडला गेला होता, आणि घर हाच ज्यांचा तुरुंग अशा स्त्रियांची काळजी सर्वत्र बोलून दाखविली जात होती. अशा भागांच्या शेवटीं मदतीचा पत्ता सांगण्याची प्रथा तेथें आहे. कथा संपल्यावर कांहीं घरांत दिवा लावावयाचा उरलेला असतो, याची ही कबुली होय.

मे २०१८ मधील एका प्रसंगांत हा विवेक विशेष दिसून आला. त्याच मालिकेंतील एडन कॉनर या वरवर सुखी दिसणाऱ्या तरुणानें आत्महत्या केली. लेखकांनीं ती कृति दाखविली नाहीं आणि तिच्या रीतीचा तपशीलहि दिला नाहीं. त्याच्या बापाचा आकांत, मित्रांची अपराधी स्तब्धता आणि 'आम्हांला कळलें कसें नाहीं?' हा प्रश्न, एवढेंच दाखविलें. जें दाखवावयाचें नाहीं तें ओळखणें, हीहि कला आहे, आणि या मालिकांत ती कमी दिसते. स्फोट, खून, अपघात यांची तेथें रेलचेल असते. एका लहानशा चौकांत चाळीस वर्षांत जितके खून झाले तितके खरोखर झाले असते, तर तेथें भाड्यानें राहावयासहि कोणी गेलें नसतें!

आतां पुन्हां २०२५ च्या त्या रात्रीकडे वळूं. त्या भागांत 'ईस्टएंडर्स'नें एक नवी गोष्ट केली. डेनिस ही स्त्री आपला नवरा जॅक आणि प्रियकर रवि या दोघांपैकीं कोणास निवडते, हें ठरविण्याचा अधिकार प्रेक्षकांच्या मतांवर सोंपविण्यांत आला. मतें जॅकच्या बाजूनें पडलीं, आणि नटांनीं त्याप्रमाणें प्रसंग वठविला. कांहींना यांत लोकशाहीचा विजय दिसला. परंतु त्याच भागांत मार्टिनहि मरत होता, आणि त्याच्याविषयीं कोणीं मत मागितलें नव्हतें. मागितलें असतें तर बहुधा तो वांचला असता. आणि वांचला असता तर त्याच्यासाठीं कोणी रडलेंहि नसतें. ज्या गोष्टीवर आपली सत्ता चालत नाहीं तिच्याच पुढें मनुष्य खरा हळवा होतो. डेनिसच्या निवडीची चर्चा झाली. मार्टिनचा शोक झाला. निर्मात्यांनीं प्रेम मतपेटींत घातलें आणि मरण आपल्या हातीं ठेविलें, यांत त्यांचा व्यवहार चुकला नाहीं.

या मालिकांचा प्रेक्षकवर्ग आतां पूर्वीसारखा राहिलेला नाहीं. ज्याला वाटेल त्यानें वाटेल तेव्हां पाहावें अशी सोय झाल्यापासून सारा देश एका घटकेला एका चौकांत जमण्याचे दिवस गेले. १९८६ च्या त्या नाताळच्या आंकड्याजवळ आतां कोणतीहि मालिका जात नाहीं. तरीहि मार्टिनच्या मरणानें जें झालें त्यावरून दिसतें कीं, जुनें नातें तुटलेलें नाहीं. दूरचा शेजार पडद्यावरचा असला तरी त्याला शेजाराचे नियम लागू असतात. शेजाऱ्यानें गोष्ट रंगवून सांगितली तर ती आवडीनें ऐकली जाते. त्यानें घरच्या जखमेवर बोट ठेवलें तर दार लावून घेतलें जातें. आणि त्याच्या संकटावरून घरांतील न बोललेलें संकट ओळखूं आलें, तर जन्माचे उपकार मानले जातात. रॉनीच्या वेळीं इंग्रज प्रेक्षकांनीं दार लावलें, हेलनच्या वेळीं पैशाची थैली उघडली, आणि मार्टिनच्या वेळीं डोळे पुसले. तिन्ही वेळां कथा खोटी आहे हें त्यांना माहीत होतें, आणि आपण कशासाठीं रागावलों, कशासाठीं दिलें आणि कशासाठीं रडलों, हेंहि त्यांना माहीत होतें.